मान वळली की खूण

मुलाणी सर,

तुम्ही गेलात, पण तुमचं खातं चालूच राहिलं. कंपनीच्या डेटाबेसची सगळ्यात मोठी किल्ली तुमच्या नावावर होती, आणि दफनविधी उरकून माणसं परत कामावर आली तरी ती तशीच होती. मी सकाळी येऊन खात्यांची यादी उघडली, तर तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका. वाटलं, तुम्ही नेहमीसारखे माझ्या आधी आलात आणि चहाला गेलात.

दुसऱ्यांची विसरलेली खाती शोधून बंद करण्यात तुमची हयात गेली. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं चुकून चालू दिसलं, की तुम्ही अख्खा मजला डोक्यावर घ्यायचात. आणि तुमचंच खातं बंद करायला कुणाचा हात उठेना. मन होत नव्हतं हे एक, पण खरी अडचण वेगळी होती. आपल्या सुरक्षेच्या दस्तऐवजातलं ते वाक्य. तेच, ज्यावरून आपण भांडलो आणि ज्याचा निकाल लागायच्या आत तुम्ही उठून गेलात.

म्हणून हे लिहितेय. तुमचं शिक्षण, पदं, पुरस्कार यातलं काही मी लिहिणार नाही. ते कंपनीच्या फलकावर लावलंय, फोटोसकट. फोटोत तुम्ही टाय घातलाय. माल रवाना करणारा दत्ता म्हणाला, "हे सर न्हाईतच."

मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, आपण इंग्रजी पुस्तकातलं छान मराठीत आणू शकतो म्हणजे आपल्याला लिहिता येतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील परभणीकडून भोसरीला आले, प्रेस शॉपमध्ये मशिनपुढे उभे राहिले आणि मला बीएस्सी कॉम्प्युटर केलं. हे मी अजूनही ओळख झाली की लगेच सांगते. तुम्ही त्यावरून किती चिडवायचात! बाहेरचे पाहुणे आले की हळूच विचारायचात, "सांगितलं का त्यांना? न्हाई? आगं मग सांग की, चहा गार व्हायला लागलाय." पण कुणी दुसरा त्यावर हसला, तर तुमच्या कपाळाला आठी पडायची. ती मी बघितलीय.

काम मला मिळालं होतं ते सुरक्षेची कार्यपद्धती लिहिण्याचं. आपण गाड्यांचे सुटे भाग बनवतो. कुठला भाग कुठल्या खोक्यात गेला, कुठला तपासणीत नापास झाला, सगळं त्या डेटाबेसमध्ये. कुणी तिथं नको ते बदललं तर नापास भाग चांगल्या खोक्यात बसून रस्त्यावर जाईल. ब्रेकचा भाग असतो तो, ब्रेक लागला नाही तर माणूस मरतो. म्हणून कुणी काय उघडायचं, कुणी कशाला हात लावायचा नाही, हे लिहून ठेवायचं. मी चार पानं लिहिली आणि ऐटीत तुमच्या टेबलावर ठेवली.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. ग्राहकाशी फोनवर बोलताना तुमचं इंग्रजी ऐकून लोक गप्प व्हायचे, पण आपल्या माणसांशी तुम्ही शेवटपर्यंत चाकणच्या शिवारातलंच बोललात.

"भारी लिवलंयस. 'अनावश्यक हक्क वेळोवेळी काढून टाकावेत.' कोन काढनार?"

"संबंधित व्यक्ती."

"ती कुठं बसती?"

मी कागदात डोकं घातलं.

"आन वेळोवेळी म्हंजी कवा?"

"म्हणजे... गरजेप्रमाणे."

"चल," म्हणालात, आणि कागद घेऊन मला खाली शॉप फ्लोअरवर नेलंत. स्टोअरवाल्याला विचारलंत, वेळोवेळी म्हणजे कधी रे? तो म्हणाला, दर महिन्याला, स्टॉक घेताना. तपासणीच्या मॅडम म्हणाल्या, ऑडिट येणार असलं की. मेंटेनन्सचे पवारदादा हात पुसत म्हणाले, "खंडेनवमीला! मशिनी घासून पुसून पूजा करतो, तवाच सगळं झाडून काढायचं की." तुम्ही हसलात, पण परत जिना चढताना म्हणालात, "तिघं बी शहाने हायत. तुजं वाक्यच कुनाला काय सांगत न्हाई. ज्याला जे सोयीचं, ते त्यानं वाचलं."

मला राग आला होता. मी म्हटलं, "सर, सगळ्या कंपन्यांच्या कागदात असंच असतं."

"आसंल. आपल्या न्हाई आसनार."

मग तुम्ही मला ती पद्धत शिकवलीत. मी दुसऱ्या कुठल्या ऑफिसात ती बघितली नाही, आणि आता मी जिथे जाईन तिथे नेणार आहे. काम ज्यानं कधी केलेलं नाही, त्याला संगणकापुढे बसवायचं आणि कागद हातात द्यायचा. खरा डेटाबेस नाही, सरावासाठी केलेली नक्कल. त्याच्या मागे खुर्ची टाकून लिहिणाऱ्यानं बसायचं, हाताची घडी, तोंड बंद. कागद वाचत काम करणारा ज्या ओळीला मान वळवून मागे बघेल, त्या ओळीला पेन्सिलीनं खूण. का वळला, ते विचारायचं नाही. तो चुकला का हुशार आहे, ते बघायचं नाही. मान वळली की खूण. मग ती ओळ परत लिहायची, आणि नवा माणूस आणून बसवायचा.

आणि माझ्या मागे, कपाटाला टेकून, त्या लोखंडी स्टुलावर तुम्ही. माझं तोंड उघडतंय असं दिसलं की स्टुलाच्या पायावर पेन वाजवायचात. टण्ण. किती वेळा वाजलं असेल ते! पहिल्या दिवशी डिस्पॅचचा दत्ता खुर्चीत होता. 'जुनी प्रत काढून नवी प्रत ठेवावी' या ओळीवर त्याचा हात थांबला. जुनी आधी पुसायची, का नवी आल्यावर पुसायची? मी सांगायला गेले, टण्ण. त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी ओठ आवळून छताकडे. शेवटी त्यानं देवाचं नाव घेऊन जुनी पुसली आणि नवी आलीच नाही. नकलेतला सगळा माल गायब.

"ताई, नोकरी गेली का माझी?" दत्ता.

"तुजी न्हाई रं," तुम्ही मागून म्हणालात. "ह्या वाक्याची गेली."

आठवतं सर? त्या दिवशी मी घरी जाताना बसमध्ये रागानं धुमसत होते, आणि मोशी येईपर्यंत मला कळून चुकलं की कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मला एवढं एका दिवसात कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला मात्र दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तोंड वाकडं करूनच बसले.

हळूहळू तो दस्तऐवज अंग धरायला लागला. 'संबंधित व्यक्ती' गेली, तिथे 'पाळीवरचा डेटाबेस प्रमुख' आला. 'वेळोवेळी' गेलं, 'दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी' आलं. 'योग्य ती खबरदारी' तुम्ही स्वतः खोडलीत, इतकं दाबून की कागद फाटला. खंडेनवमीला सर्व्हरच्या खोलीत झेंडूची माळ तुम्हीच चाकणच्या बाजारातून आणायचात, आणि दारावर तुम्हीच चिठ्ठी चिकटवायचात : 'हळदकुंकू फक्त दाराच्या चौकटीला. मशीनच्या पंख्यात टाकू नये. नारळ बाहेर.' त्या चिठ्ठीला कुणाची मान वळली नाही. सगळ्यांनी नारळ बाहेरच फोडला.

इंग्रजी प्रत ग्राहकासाठी, पण आधी मराठी प्रत, हा तुमचा हट्ट. मराठी पूर्ण झाली तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर 'लेखन' पुढे माझं नाव टाकलंत आणि स्वतःचं कुठेच नाही. मी भांडले, तर म्हणालात, "मी काय लिवलंय? मी पेन वाजीवलाय." ती प्रत मी तुमच्या परवानगीनं भोसरीला घरी नेली. वडिलांनी जेवण झाल्यावर चष्मा लावला आणि सुरुवातीची पानं सावकाश वाचली. मी बघत होते. हाताची घडी घालून, सवयच लागलेली. ते एकदाही वर बघेनात. मग म्हणाले, "हे समजायलंय की गं. मला वाटलं तू काय अवघड करायलीस."

मी तुम्हाला हे सांगितलं, तेव्हा तुम्ही टेबलावर हात आपटलात. "झालं! पास. आता ऑडिटर काय बी म्हनू दे."

सर, माझ्या पदवीचा वडिलांना अभिमान होता, पण मी काय काम करते ते त्यांना त्या रात्रीच्या जेवणानंतर पहिल्यांदा कळलं. ते तुमच्यामुळे. आमच्या घरात थँक्यू म्हणायची पद्धत नाही, मोठ्या माणसाला तर नाहीच. मला वाटलं होतं तुम्ही निवृत्त व्हाल, सत्कार होईल, तेव्हा मी माईक घेऊन हे सगळ्यांसमोर बोलेन. भाषणाची सुरुवातसुद्धा ठरवून ठेवली होती. पहिल्या वाक्यात पदवीचं होतंच, हसू नका.

आता भांडणाकडे येते. ते मी सोडणार नाही.

आपलं एक वाक्य असं होतं : 'कर्मचारी नोकरीत राहिला नाही, तर त्याच्याकडून काम ताब्यात घेऊन त्याचे खाते बंद करावे.' मी म्हटलं, याच्याखाली अजून एक ओळ हवी. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर काय करायचं? तुम्ही म्हणालात, ऱ्हाऊ दे. मला वाटलं तुम्ही ऐकलं नाही. परत म्हटलं. परत, ऱ्हाऊ दे.

"का राहू दे? माणूस नोकरीत असताना मरत नाही का? मेलेल्याकडून काम कसं ताब्यात घ्यायचं?"

"घुगे मॅडम, पुढचं पान."

रागावलात की मी 'घुगे मॅडम', खुशीत असलात की 'पोरी'. त्या आठवड्यात मी घुगे मॅडमच होते. शेवटी कँटीनमध्ये तुमच्या समोर ताट आदळून बसले आणि म्हटलं, कारण सांगितल्याशिवाय उठणार नाही. तेव्हा तुम्ही पवारदादांचं सांगितलंत.

मधे पवारदादा अचानक गेले, तेव्हा आपला दस्तऐवज अजून लागू झाला नव्हता, जुनाच नियम होता, खातं तात्काळ पुसावं. तुम्ही त्याच दुपारी पुसलंत. त्यांची संगणकावरची फाइलींची सगळी जागा त्याच खात्याला जोडलेली होती, तीही गेली. मग एक दिवस त्यांची बायको जावयाला घेऊन गेटवर आली. नातवाच्या बारशाचे फोटो दादांनी कंपनीच्या संगणकावर ठेवलेत असं ते म्हणायचे, तेवढे मिळतील का? कुठून मिळणार?

"कागदावर स्पष्ट लिवलेलं होतं," तुम्ही म्हणालात. ताटातल्या भाकरीचे तुकडे करत होतात, खात नव्हतात. "इतकं स्पष्ट, की मी वाचलं आन केलं. मान सुदिक वळली न्हाई माजी. म्हनून त्या जागंला मला स्पष्ट नगो. तितं मानूस अडखाळला पायजे. मागं वळून कुनाला तरी ईचारलं पायजे, काय करू म्हनून."

मला वाईट वाटलं, पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "सर, बंद न केलेलं खातं म्हणजे उघडं दार. तुम्हीच शिकवलंत. आणि मागे वळल्यावर मागे कुणी नसलं तर?"

तुम्ही पाणी प्यायलात. "बघू," म्हणालात. "बघू म्हनलं ना, पोरी."

पोरी म्हणालात, म्हणजे निम्मं मान्य होतं तुम्हाला. मी असंच धरून चाललेय. पण मग तुम्हाला ताप यायला लागला, मग सुट्टी, मग दवाखाना. मी भेटायला आले तेव्हा नाकात नळी होती, आणि मी त्या वाक्याचा विषय काढला नाही. काढला असता तर तुम्ही खूश झाला असतात, हे मला आता कळतंय.

तुमचा जनाजा निघाला त्या दिवशी कंपनीची बस भरून माणसं आली होती. पुरुष कबरस्तानात गेले, मी आत भाभींजवळ बसले. त्यांनी डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. "तू ती भांडनारी का गं?" मी म्हटलं, हो. "घरी येऊन रोज सांगायचे. आज बी भांडली म्हनायचे, आन पोट भरून जेवायचे." आम्ही दोघी त्या गर्दीत हसलो, आणि मग पुन्हा रडलो.

त्यानंतर ग्राहकाकडून निरोप आला, सुरक्षेचं ऑडिट लवकरच. तुमच्या जागेचं काम तात्पुरतं माझ्याकडे दिलं होतं. मी एचआरच्या जोशी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, राजीनामा नाही, बदली नाही. मी तुला कशाच्या आधारावर बंद कर म्हणू? तुमच्या कागदात काय लिहिलंय?"

"त्यांच्याकडून काम ताब्यात घ्या, असं लिहिलंय."

दत्ता दारात उभा होता. तो म्हणाला, "म्हंजी कबरस्तानात जाऊन घ्यायचं का ताई?" आणि स्वतःच जीभ चावून दोन्ही कान पकडले. मी रागावले नाही. तुम्ही असतात तर सगळ्यांत आधी तुम्हीच हसला असतात, आणि म्हणाला असतात, बघा, ह्यानं बराबर वाचलं.

मी जागेवर येऊन बसले. दस्तऐवज उघडला, जणू मी तो लिहिलेलाच नाही. पहिली पायरी केली, दुसरी केली. तिसरीला ते वाक्य आलं. आणि सर, खरं सांगते, ठरवून नाही, माझी मान वळली.

मागे कपाट होतं आणि स्टूल होतं.

मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीला खूण केली. तुमचंच खरं होतं, तिथे माणूस अडखळतो, अडखळायलाच हवा. आणि माझंही खरं होतं, मागे कुणी नव्हतं. दोन्ही खरं असेल तर वाक्य दोन्हीला पुरेल असं लिहायला हवं, त्याचाच तर पगार मिळतो मला.

आधी तुमच्या खात्याला कुलूप लावलं. पुसलं नाही. कुलूप म्हणजे आत कुणाला जाता येणार नाही, पण आतलं सगळं जिथल्या तिथे. हिरवा ठिपका लाल झाला. मग भाभींना फोन केला. सरांच्या काही फाइली इथे आहेत, मी उघडल्या नाहीत, त्यांतलं काही घरी हवंय का, असं विचारलं.

त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. आमचं सगळं घरीच हाय. ह्यांनी कामाच्या जागंला घरचं कायबी ठेवलं न्हाई, पवारांचं झाल्यापासनं. पर तू ईचारलंस, लई बरं केलंस."

त्यानंतर मी ती ओळ लिहिली. तुम्हाला वाचून दाखवते :

'कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास डेटाबेस प्रमुखाने त्याच दिवशी त्याच्या खात्याला कुलूप लावावे. काहीही पुसू नये. विभागप्रमुखाने स्वतः घरच्यांना फोन करावा आणि त्यातले काही हवे आहे का, हे विचारावे. घरच्यांचे उत्तर येईपर्यंत खाते कुलपातच राहील.'

जोशी मॅडमना 'घरच्यांना फोन' हे सुरक्षेच्या कागदात जरा विचित्र वाटलं. म्हणाल्या, "'आवश्यक ती कार्यवाही करावी' असं लिही ना." मी म्हटलं, मॅडम, सरांनी त्या शब्दांचा कागद फाडला असता. त्यांनी सही केली.

सर, तुम्ही 'बघू' म्हणाला होतात. मी बघितलं. हे तुम्हाला पसंत पडलं नसेल तर मला घुगे मॅडम म्हणा, चालेल. पण मला वाटतं पडलं असेल. ज्या भांडणात समोरचा मला हरवायला बघत नव्हता, असं हे एकच भांडण माझ्या वाट्याला आलं. बाकीच्यांनी माझं बोलणं तरी तोडलं किंवा मान तरी डोलावली. तुम्ही माझ्याशी भांडलात, म्हणजे माझं ऐकलंत. याचं काय करायचं असतं मला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतेय. थँक्यू, सर. हे घ्या, म्हटलं एकदाचं.

काल नव्या ओळीची परीक्षा घेतली. नियमाप्रमाणे नवा माणूस हवा होता, पण दत्ता म्हणाला, "ताई, ह्यो मीच करनार." मी मोडला नियम. सरावाच्या नकलेत एक खोटं नाव, त्याचं खातं. दत्ता पुढे, मी मागे, हाताची घडी. तो एकेक शब्द ओठ हलवत वाचत होता. मृत्यूच्या ओळीवर आला. वाचली. कुलूप लावलं. फोनच्या पायरीला टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला, सरावच होता तरी लावला, आणि हळू आवाजात कुणालाच म्हणाला, "काही हवंय का?" मग फोन ठेवला आणि पुढची ओळ वाचली. शेवटपर्यंत गेला.

दत्ताची मान वळली नाही.

माझी वळली. स्टुलाकडे. पण मी कागदावर खूण केली नाही, कारण त्या ओळीत काही कमी नव्हतं.